लॅक्टेजची गोळी की लॅक्टोज-फ्री दूध? एन्झाइम एकच, मग घ्यायचं काय

दूध प्यायलं की थोड्या वेळात पोट फुगतं, गुरगुरतं आणि मग बाथरूमकडे पळापळ, असं असेल आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल तर दोन रस्ते आहेत, एक गोळी आणि दुसरं लॅक्टोज-फ्री दूध. दोन्हीत काम करणारं एन्झाइम एकच, लॅक्टेज. फक्त ते लॅक्टोजला गाठतं कुठे आणि त्याला वेळ किती मिळतो यावर सगळं ठरतं.

आधी हे एन्झाइम प्रकरण बघू, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. एन्झाइम म्हणजे बहुतेक वेळा प्रोटीनच, पण घड्या पडून ठरलेल्या आकाराचं झालेलं, आणि त्यात एक खाच असते. लॅक्टोजचा रेणू त्या खाचेत बसतो, पाण्याच्या रेणूच्या मदतीने त्याचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे पडतात, तुकडे सुटले की एन्झाइम पुढच्या रेणूसाठी मोकळं. स्वतः खर्च होत नाही म्हणून अगदी थोडं असलं तरी भागतं. लहान आतड्याच्या अस्तरावर हे लॅक्टेज बाळपणी भरपूर असतं, पुढे जगातल्या बहुतेक लोकांत कमी होत जातं. मग न तुटलेलं लॅक्टोज तसंच मोठ्या आतड्यात उतरतं, पाणी ओढून घेतं, तिथल्या बॅक्टेरियांची चंगळ होते आणि गॅस आपल्या वाट्याला.

लॅक्टोज-फ्री दुधात ही सगळी तोडफोड आधीच उरकलेली असते. त्यासाठी साधारण यीस्टपासून काढलेलं लॅक्टेज वापरतात, कारण ते दुधाच्या जवळजवळ न्यूट्रल पीएचला (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल कडक), म्हणजे साडेसहाच्या आसपास, मस्त चालतं आणि त्याला तासन् तास मिळतात. दूध थोडं गोड लागतं, पण वरून साखर घातलेली नसते, तुटलेले तुकडेच लॅक्टोजपेक्षा जास्त गोड असतात. डायबिटीस असेल तर मात्र ‘फ्री’ वाचून खूश होऊ नका, ग्लुकोज त्यात आहेच. उकळलं तरी चालतं, एन्झाइमचं काम संपलेलंच असतं.

गोळीचं गणित वेगळं, आणि लोक फसतात ते इथेच. गोळीतलं लॅक्टेज बहुतेक अस्परजिलस नावाच्या बुरशीपासून काढतात, ते आम्लात बऱ्यापैकी तग धरतं, पीएच 4-5 ला जोरात असतं. पण रिकाम्या पोटातलं ॲसिड याहून कितीतरी कडक, पीएच 1-2 पर्यंत, तिथे त्याच्या घड्या उलगडतात आणि खाच मोडली की खेळ खलास, शिवाय ते प्रोटीनच असल्यामुळे आपलं पोट त्यालाही पचवून टाकतं. म्हणून गोळी पहिल्या घासाबरोबरच घ्यायची, जेवणामुळे ॲसिड थोडं सौम्य होतं. तासाभराने आठवण झाली तर राहू दे, लॅक्टोज तोवर पुढे निघून गेलेलं असतं. पाकिटावर एफसीसी युनिट, म्हणजे एन्झाइमची ताकद मोजायचं एकक, बघा, युरोपात फायद्याचा दावा करायला लॅक्टोज असलेल्या प्रत्येक जेवणाला किमान 4500 युनिट लागतात. आणि चुकूनही गोळी कुटून उकळत्या दुधात टाकू नका, उष्णतेने एन्झाइम मरतं (जिवंत नसतंच ते, पण म्हणायची पद्धत).

माझं मत विचाराल तर घरी रोज दूध लागतं त्याने सरळ लॅक्टोज-फ्री घ्यावं, कारण टायमिंगची कटकटच नाही. बाहेर खाताना कशात किती दूध आहे कोणाला माहीत, तिथे गोळी खिशात हवी. मधला मार्ग म्हणजे लॅक्टेजचे थेंब, गार दुधात घालायचे आणि दिवसभर फ्रिजमध्ये ठेवायचं, थंडीत एन्झाइम हळू चालतं पण चालतं. फक्त दुधाचा कप हातात घेऊन वर थेंब टाकून लगेच पिणाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नये.

खरंतर बऱ्याच जणांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण ग्लासभर दूध, फारसा त्रास न होता चालतं, विशेषतः जेवणासोबत. तेव्हा खर्च करायच्या आधी हे करून बघायला हरकत नाही. पण त्रास दुधातल्या प्रोटीनच्या ॲलर्जीचा असेल तर गोळी आणि लॅक्टोज-फ्री दोन्ही बाद, कारण लॅक्टेज प्रोटीनला हातच लावत नाही. गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे शरीराला गॅलॅक्टोज वापरताच न येण्याचा जन्मजात आजार, असलेल्या बाळालाही यातलं काहीच देऊ नये, त्याला चालत नाही ते गॅलॅक्टोज, आणि ते दोन्हीकडे सुटतंच.