ॲल्युमिनियमच्या बोटीला तांब्याचा रंग: माझी झालेली फसवणूक

दाभोळच्या खाडीत पर्यटकांना फिरवायला माझ्याकडे ॲल्युमिनियमची एक बोट आहे. १६ फुटी, रिव्हेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) मारलेली, मुंबईत दारूखाना नावाच्या भंगारबाजाराच्या भागातून जुन्यात घेतलेली. आमच्याकडे होड्या लाकडाच्या नाहीतर फायबरच्या, त्यामुळे या धातूचं रंगकाम इथे फारसं कुणाला माहीत नाही. मलाही नव्हतं, आणि समोरच्याने नेमका त्याचाच फायदा घेतला.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून सगळीकडे होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारायची घाई. माझ्या बोटीचा रंग जागोजागी सुटला होता. ओळखीतल्या एकाने रंगकामाचा ठेका घेणारा माणूस पाठवला. तो बोलायला अतिशय व्यवस्थित. ॲल्युमिनियमवर साधा रंग धरत नाही, आधी एपॉक्सीच्या अस्तराचे दोन हात, मग तळाला बिनतांब्याच्या रंगाचे दोन हात, वरच्या भागाला पांढरा एपॉक्सी, असं त्याने नीट समजावून सांगितलं. ते सगळं बरोबरच होतं. म्हणूनच मी फसलो. काम कसं करायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तसं ते करायचं नाही हेही त्याने आधीच ठरवलं होतं.

ठरले ४८,००० रुपये. ३०,००० उचल दिली, तीही रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "काम झाल्यावर सगळं एकदम देतो, दादा." चांगल्या कंपनीचे डबे आणून त्याने माझ्यासमोर रांगेत मांडले. मग म्हणाला, "पाऊस तोंडावर आहे, तुम्ही इथे उन्हात कशाला थांबता?" मी घरी गेलो. तीन दिवसांत बोट तयार. वर पांढरीशुभ्र, तळ लाल, हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत. उरलेले पैसे मी आनंदाने दिले. बिल तेव्हाही राहिलंच.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात घातली. दिवाळीच्या सुमारास गाळ साफ करायला वर ओढली, तेव्हा पाण्याखालच्या भागावर फोड आलेले दिसले. एका फोडाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर आतून ओल्या चुन्यासारखी पांढरी भुकटी निघाली आणि टोक सरळ आत गेलं. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. रिव्हेटांच्या रांगेत तर अशी भोकं ओळीने होती.

आमच्या काकांचा जन्म होड्यांवर गेला. त्यांनी खिळ्याने तळ खरवडला आणि मला हाक मारली. "अरे, हे बघ. वर लाल, आणि त्याच्याखाली थेट पत्रा. अस्तर कुठाय?" मग थिनरमध्ये भिजवलेलं फडकं त्यांनी वरच्या पांढऱ्या रंगावर दाबून धरलं. दोन-तीन मिनिटांत रंग नरम पडून फडक्याला लागला. हार्डनर (एपॉक्सी कडक होण्यासाठी त्यात मिसळायचा दुसरा भाग) घालून नीट सुकलेलं एपॉक्सी असं सुटत नाही. काका एवढंच म्हणाले, "हा लाल रंग लाकडाच्या होडीचा आहे."

लाकडाच्या आणि फायबरच्या होड्यांना तळाला जो लाल रंग देतात, त्यात बहुतेक वेळा तांब्याचा ऑक्साइड असतो. त्यामुळे शंख-शिंपले चिकटत नाहीत. लाकडाला त्याचा त्रास नाही. पण खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. हे आजचं ज्ञान नाही. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला, आणि दोनच वर्षांत त्याचे लोखंडी खिळे खाल्ले गेलेले सापडले. शिवाय माझ्या ठेकेदाराने बोटीचा पत्रा घासलाही लोखंडी ब्रशने. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि तिथूनही खड्डे पडतात.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते पुढे. दोरखंड शोधताना झावळ्यांच्या ढिगात त्याने मांडलेल्या डब्यांपैकी दोन सापडले. अस्तराच्या डब्यात कधीचा वाळून दगड झालेला थर. आणि हार्डनरचा डबा सीलबंद. झाकणाची पट्टीसुद्धा तुटलेली नव्हती. माझ्यासमोर ठेवलेले डबे फक्त दाखवायचे होते. तळाच्या रंगाचा एक डबा मी स्वतः उचलून दिला होता. केवढा जड लागला होता तो! तांब्याचा रंग वजनाला साध्या रंगापेक्षा खूप भारी असतो, हे तेव्हा माहीत असतं तर तिथेच काम थांबवलं असतं.

फोन केला. "पत्राच जुना होता, दादा, त्याला मी काय करू?" दुसऱ्या दिवसापासून नंबर लागत नाही.

आता जे कुणी असं काम देणार असतील त्यांना हात जोडून सांगतो, घासून झालेला पत्रा आणि अस्तराचा प्रत्येक हात स्वतः बघितल्याशिवाय पुढचा रंग चढू देऊ नका. हार्डनरचं सील तुमच्यासमोर फुटू द्या. घासलेल्या ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर धरतो, म्हणून अस्तर त्याच दिवशी लागलं पाहिजे. "उद्या लावतो" म्हणाला तर पुन्हा घासायला लावा. डब्यांचे फोटो काढा, रिकामे डबे त्याला नेऊ देऊ नका. पैसे बँकेतून द्या आणि बिलावर रंगाचं पूर्ण नाव लिहून घ्या.

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेल्या बोटीचं काम असेल तर ग्राहक म्हणून दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे मला तेव्हा समजलं. अर्ज लिहिला आहे. पुरावा म्हणून दोन डबे, फोटो आणि काकांचा जबाब.

बोट सध्या अंगणात उलटी ठेवली आहे. भोकांभोवती आम्ही खडूने गोल केले, काल मोजले तर ३१ झाले. या हंगामात ती पाण्यात जाणार नाही.