प्रायमरीतील वादांची संपूर्ण शब्दांकने: ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’ वापरून पाहिल्यावर

न्यू जर्सीत 5 फेब्रुवारी 2008 रोजी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली तेव्हा आमच्या घरात कोणालाही मताचा अधिकार नव्हता. तरीही बराक ओबामा की हिलरी क्लिंटन, या प्रश्नावरून त्या हिवाळ्यात आमची जेवणे अनेकदा गार झाली. माझे यजमान क्लिंटन यांच्या बाजूचे आणि मी ओबामांच्या. दोघांच्याही युक्तिवादाचा आधार मात्र एकच होता, आणि तो म्हणजे दूरचित्रवाणीवर दिवसभर फिरणारे अर्ध्या मिनिटाचे तुकडे. उमेदवारांमधला संपूर्ण जाहीर वाद (डिबेट) आम्ही दोघांनीही एकदासुद्धा धड ऐकलेला नव्हता. आमच्या वाचनगटाने गेल्या वर्षी तेच वाद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे ठरवले आणि त्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ‘अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट’ या संकेतस्थळाचा आम्ही वर्षभर उपयोग केला. अमेरिकेत राहणाऱ्या, या देशाची निवडणूक समजून घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांना ते उपयोगी पडेल, अशी माझी खात्री झाल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

जॉन वूली आणि गेरहार्ड पीटर्स या दोघांनी 1999 साली हे संकेतस्थळ सुरू केले. राष्ट्राध्यक्षांची भाषणे, आदेश, पत्रकार परिषदा यांचा तो मोठा संग्रह आहे. पण आम्हाला हवा होता तो त्यातील उमेदवारांच्या वादांचा विभाग. 1960 च्या केनेडी-निक्सन वादांची शब्दांकने, म्हणजे बोलणे शब्दशः उतरवलेले मजकूर, तेथे आहेत, आणि अलीकडच्या निवडणुकांमधील पक्षांतर्गत वादांचीही आहेत. पैसे भरावे लागत नाहीत. निवडणुकीचे वर्ष, तारीख आणि गाव एवढे माहीत असले की हवा तो वाद सापडतो. प्रत्येक शब्दांकनाच्या आरंभी सहभागी उमेदवारांची आणि सूत्रसंचालकांची नावे असतात, पुढे प्रत्येक वक्त्याचे नाव देऊन त्याचे बोलणे दिलेले असते, आणि टाळ्या किंवा हशा झाला असेल तर तोही कंसात नोंदलेला असतो.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते आवश्यक आहे. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला तिकीटवाटप म्हणजे काय ते नेमके ठाऊक असते: इच्छुकांच्या मुलाखती होतात, मुंबईला आणि दिल्लीला खेपा होतात, आणि एके रात्री श्रेष्ठींकडून यादी येते. इच्छुकांनी एकमेकांसमोर उभे राहून, जनतेदेखत, मी याच्यापेक्षा योग्य का, हे महिनोन्‌महिने सांगत राहायचे, ही पद्धत आपल्याला परकी आहे. त्यात दोघेही एकाच पक्षाचे असल्यामुळे त्यांच्यातील मतभेद अरुंद असतात, भावाभावांतील वाटणीच्या वादासारखे. वाटणीत बांध कोठे घालायचा एवढाच प्रश्न असतो आणि म्हणूनच तो बारकाईने पाहावा लागतो. टीव्हीवरच्या तुकड्यात हा बांध दिसत नाही. तेथे फक्त चढलेला आवाज ऐकू येतो. शब्दांकनाची खरी किंमत मला येथे कळली.

आम्ही आरंभ केला तो लॉस एंजेलिसच्या कोडॅक थिएटरमध्ये 31 जानेवारी 2008 रोजी झालेल्या वादापासून. तिसरे प्रमुख इच्छुक जॉन एडवर्ड्स आदल्याच दिवशी शर्यतीतून बाहेर पडले होते, त्यामुळे क्लिंटन आणि ओबामा हे दोघेच प्रथमच समोरासमोर होते. एका रविवारी दुपारी आम्ही चार कुटुंबांनी छापील प्रती हातात घेऊन हा वाद मोठ्याने वाचला. एकीने क्लिंटन यांचे बोलणे वाचायचे, एकाने ओबामांचे, आणि आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांनी सूत्रसंचालक वुल्फ ब्लिट्झर यांचे प्रश्न वाचायचे, अशी वाटणी केली होती. शिक्षकांनी मुद्दाम उलटी योजना करून ओबामांचे बोलणे माझ्या यजमानांकडे आणि क्लिंटन यांचे माझ्याकडे दिले. त्यामुळे ज्या बाजूला सोळा वर्षे विरोध केला तीच बाजू मला पूर्ण वाक्यांनिशी मांडावी लागली, आणि आरोग्यविम्यावरील क्लिंटन यांचे म्हणणे मी तोपर्यंत खरोखर ऐकूनच घेतलेले नव्हते, हे ध्यानात आले.

त्या विषयावरील मतभेद थोडक्यात असा. दोघांनाही सर्वांना परवडणारा विमा द्यायचा होता. क्लिंटन यांच्या योजनेत प्रत्येकाने विमा घेणे सक्तीचे होते. ओबामांच्या योजनेत सक्ती फक्त मुलांपुरती होती. सक्ती नसेल तर सुमारे दीड कोटी लोक बाहेर राहतील आणि त्यांच्या उपचारांचा भार इतरांवर पडेल, असे क्लिंटन यांचे म्हणणे. लोक विमा घेत नाहीत ते नको म्हणून नव्हे, तर परवडत नाही म्हणून, तेव्हा आधी खर्च कमी करा, असे ओबामांचे. पुढे 21 फेब्रुवारीला ऑस्टिनमध्ये हाच वाद पुन्हा झाला तेव्हा ओबामांनी अशी सक्ती आधीच असलेल्या मॅसॅच्युसेट्सचा दाखला दिला: तेथे काही लोक दंडही भरतात आणि विम्याविनाही राहतात. ही दोन शब्दांकने शेजारी ठेवून वाचली, तर तीन आठवड्यांत कोणाचा युक्तिवाद धारदार झाला आणि कोणाचा तेथेच राहिला, हे स्पष्ट दिसते. माझ्या मते ऑस्टिनमध्ये ओबामांची मांडणी अधिक चांगली झाली, पण मुद्द्याचे वजन क्लिंटन यांच्या पारड्यात होते. मार्च 2010 मध्ये ओबामांनी स्वाक्षरी केलेल्या आरोग्य कायद्यात वैयक्तिक सक्ती आली, हे आज आपण जाणतो. तिच्यामागचा दंड 2017 च्या करकायद्याने 2019 पासून शून्यावर आणला, हेही जाणतो. आपण ज्याची बाजू घेऊन भांडलो त्यानेच सत्तेवर आल्यावर प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा स्वीकारला, हे मला छापील कागद हातात असताना जितके टोचले तितके पूर्वी कधी टोचले नव्हते.

इराकच्या प्रश्नावर मात्र माझे जुने मत अधिकच पक्के झाले. ऑक्टोबर 2002 मध्ये सिनेटमध्ये क्लिंटन यांनी युद्धाधिकाराच्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते, आणि त्याच महिन्यात इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये असलेल्या ओबामांनी शिकागोतील सभेत युद्धाला विरोध केला होता. लॉस एंजेलिसमध्ये क्लिंटन यांनी आपल्या मताचे स्पष्टीकरण फार लांबलचक दिले आहे: शस्त्रनिरीक्षकांना परत पाठवता यावे, दबाव निर्माण व्हावा, हा हेतू होता, वगैरे. मी ते सर्व मोठ्याने वाचले. ऐकताना असे स्पष्टीकरण निसटून जाते. वाचताना त्यात एकदाही ‘चुकले’ हा शब्द येत नाही, हे दिसते. पहिल्या दिवसापासून सज्ज असण्याच्या त्यांच्या दाव्याला ओबामांनी तेथेच उत्तर दिले की पहिल्या दिवशी योग्य निर्णय घेणेही महत्त्वाचे असते. हे वाक्य त्या वेळी आम्ही तुकड्यांत ऐकले होते, पण त्याआधीची सगळी बाजू वाचल्यावरच ते किती नेमक्या जागी पडले आहे हे समजते.

शब्दांकनाची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण ती लहान नाही. 5 जानेवारी 2008 रोजी न्यू हॅम्पशायरमधील सेंट अँसेल्म महाविद्यालयात झालेल्या वादात क्लिंटन यांना विचारण्यात आले की लोकांना ओबामा अधिक आवडतात, त्याचे काय. मला वाईट वाटले, असे त्या हसत म्हणाल्या, आणि ओबामा लोकांना आवडण्यासारखे आहेतच, पण आपणही तितक्या वाईट नाही, अशी पुस्ती त्यांनी जोडली. त्यावर ओबामा म्हणाले की हिलरी, तुम्ही पुरेशा आवडण्याजोग्या आहात. कागदावर हे वाक्य सौजन्याचे वाटते. प्रत्यक्षात ते मान खाली घालून, कागदाकडे पाहत, तुटकपणे उच्चारले गेले आणि अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, त्यात उपेक्षा जाणवली; आयोवा जिंकून आलेले ओबामा तीन दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हरले, तेव्हा या क्षणाची चर्चा पुष्कळ झाली. आमच्या वाचनात हे वाक्य यजमानांनी इतक्या मऊपणे वाचले की कोणालाच त्यात काही खटकले नाही. शेवटी चित्रफीत शोधून पाहावी लागली. येथे आहे तो मजकूर आहे; स्वर, नजर आणि थांबणे हवे असेल तर दृक्‌श्राव्य संग्रह सोबत ठेवावाच लागतो.

दुसरी गोष्ट अशी की वाद कितीही मोठा असला तरी मजकूर सलग येतो. आरोग्य, इराक, स्थलांतर असे विषयवार मथळे त्यात नसतात, त्यामुळे प्रथमच वाचणाऱ्याने पेन्सिल घेऊन स्वतः खुणा कराव्यात. आम्ही समासात प्रश्नांना क्रमांक दिले आणि त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. फिलाडेल्फियाच्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये 16 एप्रिल 2008 रोजी झालेल्या वादाच्या पूर्वार्धात धोरणाचे प्रश्न जवळजवळ नाहीतच, हे क्रमांक घालताना लख्ख दिसले. ओबामा कोटावर झेंड्याची पिन का लावत नाहीत, त्यांचे धर्मगुरू जेरेमाया राइट काय म्हणाले, क्लिंटन बोस्नियाच्या विमानतळावर उतरल्या तेव्हा खरेच गोळीबार झाला होता का, असे प्रश्न एकामागून एक येत राहतात. त्या रात्री सूत्रसंचालकांवर कडक टीका झाली होती. ती योग्य होती, हे आता मी हातात पुरावा ठेवून म्हणू शकते.

हा संग्रह राष्ट्राध्यक्षपदापुरता आहे, राज्यांच्या निवडणुकांसाठी नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले, त्या शर्यतीविषयी आमच्या गटात साहजिकच कुतूहल होते. पण ते वाद येथे शोधण्यात अर्थ नाही.

उमेदवारांची गर्दी असलेले वाद वाचायला घेऊ नयेत, असे मी सुचवीन. 26 आणि 27 जून 2019 रोजी मायामीत डेमोक्रॅटिक पक्षाचे वीस इच्छुक दोन रात्रींत दहा-दहा करून उभे राहिले आणि उत्तराला प्रत्येकी एक मिनिट होते. कमला हॅरिस यांनी शाळांतील वर्णभेद मोडण्यासाठीच्या बसव्यवस्थेवरून जो बायडेन यांना दिलेले आव्हान सोडले तर तेथे एका उमेदवाराचे म्हणणे दुसऱ्याच्या म्हणण्याला क्वचितच भिडते. दोघांचे किंवा फार तर तिघांचे वाद घ्यावेत, आणि इंग्रजीची सवय कमी असलेल्या घरातील ज्येष्ठांना सोबत घ्यायचे असेल तर प्रश्नाचे सार आधी मराठीत सांगून मग उत्तर वाचावे. आमच्याकडे सासूबाई अशा रीतीने शेवटपर्यंत बसल्या आणि इराकवर त्यांनी माझ्याच बाजूने कौल दिला.

पुढच्या बैठकीसाठी 30 ऑक्टोबर 2007 चा ड्रेक्सेल विद्यापीठातील वाद छापून ठेवला आहे. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना वाहनपरवाना द्यावा का, या प्रश्नावर क्लिंटन यांनी न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांची योजना आधी समजण्यासारखी आहे म्हटले आणि लगेच, ती अमलात आणावी असे आपण म्हटले नाही, असेही सांगितले. एडवर्ड्स आणि ओबामांनी ते तेथल्या तेथे पकडले. त्या रात्रीचा तुकडा मी तेव्हा यजमानांना पाच-सहा वेळा तरी ऐकवला असेल. केंद्र सरकारने स्थलांतराचा प्रश्न सोडवला नाही म्हणून राज्यांना ती पोकळी भरावी लागते, हे क्लिंटन यांचे त्याच उत्तरातील कारण त्या तुकड्यात नव्हते. या खेपेला क्लिंटन यांचे बोलणे यजमान वाचणार आहेत.