हेलियम-3 की बोरॉन-10 : न्यूट्रॉन डिटेक्टर निवडताना

न्यूट्रॉन स्कॅटरिंगसाठी (नमुन्यावर न्यूट्रॉन सोडून, ते कसे विखुरतात यावरून त्याची रचना शोधणं) डिटेक्टर घ्यायचा म्हटलं की पहिलं नाव आजही हेलियम-3 चंच निघतं आणि ते उगाच नाही. 1.8 ॲंगस्ट्रॉम वेव्हलेंग्थच्या न्यूट्रॉनला क्रॉस सेक्शन (न्यूट्रॉन पकडण्याची शक्यता, बार्न या एककात) जवळपास 5330 बार्न, विषारी नाही, गॅमा किरणांचा त्रास कमी, वर 10 बारपर्यंत दाबून भरता येतो. अडचण गॅस मिळण्याची आहे. तो ट्रिटियमच्या क्षयातून येतो, तोही मुख्यतः अण्वस्त्रांसाठी बनवलेल्या ट्रिटियमच्या, ज्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, त्यामुळे मागणी वाढली म्हणून लगेच जास्त बनवला असं होत नाही. 2001 नंतर अमेरिकेत सीमेवरच्या तपासणी यंत्रांत तो भरपूर गेला आणि 2008-09 च्या सुमारास टंचाई सगळ्यांनाच जाणवली.

मग बीएफ-3, म्हणजे बोरॉन ट्रायफ्लोराइड गॅस, का नको? गॅस बदलला की झालं असं वाटतं खरं, पण तो विषारी आहे, गंज आणतो, शिवाय कमी दाबावरच चालवावा लागतो म्हणून एफिशियन्सी (आलेल्यांपैकी किती न्यूट्रॉन पकडले ते प्रमाण) पडते. मोठ्या हॉलमध्ये माणसं काम करत असताना मी तरी तो सुचवणार नाही.

खरी टक्कर देतो तो पत्र्यावर चढवलेला घन बोरॉन-10 चा थर. इथे न्यूट्रॉन थरात अडकतो, अल्फा कण आणि लिथियम-7 चं केंद्रक उलट दिशांना सुटतात, त्यातला एकच गॅसमध्ये येतो, दुसरा पत्र्यात जिरतो. थर जाड केला तर दोन्ही आतच मरतात, म्हणून जाडी साधारण 1 मायक्रॉन ठेवतात आणि समोरून आलेल्या थर्मल (संथ) न्यूट्रॉनपैकी एका थरात जेमतेम 5 टक्केच सापडतात. यावर दोन उपाय निघाले. मल्टी-ग्रिडमध्ये, जो आयएलएल (फ्रान्स) आणि ईएसएस (स्वीडन) या न्यूट्रॉन संशोधन केंद्रांनी मिळून विकसित केला, बोरॉन कार्बाइड चढवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे एकामागे एक लावतात. मल्टी-ब्लेडमध्ये पत्रा 5 अंशांवर तिरका ठेवतात, म्हणजे न्यूट्रॉनला तोच थर 11 पट जाड लागतो. गॅस साधा आर्गॉन-सीओ2, वातावरणाच्या दाबावर, त्यामुळे जाड भिंतीचं भांडं लागत नाही.

आता निवड. लहान क्षेत्रफळ असेल आणि न्यूट्रॉन मोजकेच येत असतील तर सरळ हेलियम-3 घ्या, वाद नको. कित्येक चौरस मीटर झाकायचे असतील तर मल्टी-ग्रिड. रिफ्लेक्टोमीटरवर (पृष्ठभागावरून परावर्तित न्यूट्रॉन मोजणारं यंत्र) एका छोट्या ठिपक्यावर सेकंदाला प्रचंड न्यूट्रॉन येतात, तिथे हेलियमची ट्यूब गुदमरते, तिथे मल्टी-ब्लेडच बरा.

बोरॉनकडे वळणार असाल तर पल्स-हाइट स्पेक्ट्रम, म्हणजे किती उंचीचे सिग्नल किती आले याचा आलेख, स्वतः बघा. हेलियममध्ये 764 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचं शिखर स्वच्छ दिसतं, खाली दरी असते, थ्रेशोल्ड (ज्याखालचे सिग्नल मोजायचे नाहीत ती मर्यादा) तिथे लावला की झालं. बोरॉनच्या थरात कणाची ऊर्जा कमी-जास्त होऊन बाहेर येते, ती दरी नसतेच, थ्रेशोल्ड थोडा हलला की एफिशियन्सीही हलते, म्हणून कुणी टक्केवारी सांगितली तर कुठल्या वेव्हलेंग्थला आणि कुठल्या थ्रेशोल्डला हे आधी विचारा. आणि ॲल्युमिनियम कुठलं वापरलंय तेही, कारण साध्या ॲल्युमिनियममधल्या युरेनियम-थोरियमच्या अंशातून अल्फा येतात आणि बॅकग्राउंड वाढवतात, त्यासाठी शुद्ध धातू नाहीतर निकेलचा मुलामा लागतो.