गाडी झकास, पण आरसीतल्या एका शून्याने पिदडलं

2013 ची सेकंड हँड पेट्रोल हॅचबॅक घेऊन आता बरेच महिने झाले. गाडीचं आधी सांगून टाकतो: एसी गारेगार, क्लच हलका, शहरात पंधराच्या आसपास अ‍ॅव्हरेज. मागचं सस्पेन्शन खडखडतं, पण या किमतीत चालायचंच. खरी डोकेदुखी आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी कार्डाची.

1 एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, सक्तीची. 31 मार्च 2025 ची मुदत पुढे पुढे ढकलली गेली, तसा मीही निवांत होतो. शेवटी बुकिंगला बसलो. गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे पाच, इंजिनचे शेवटचे पाच. 'माहिती जुळत नाही.' पोर्टलला शिव्या घालून झाल्या, मग बोनेट उघडलं आणि आरसी कार्ड कोरलेल्या नंबराशेजारी धरलं. पत्र्यावरचं शून्य अरुंद, कार्डावरचं गोल गरगरीत. ते शून्य नव्हतंच, इंग्रजी ओ होता!

सतरा अक्षरी चेसिस नंबरात आय, ओ, क्यू वापरतच नाहीत. एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. तरी सरकारी कॉम्प्युटरने ओ बिनबोभाट गिळला.

ट्रान्सफर करून देणाऱ्या एजंटाला फोन केला. "अहो साहेब, ओ टाका की. मी पण ट्रान्सफरला तसंच टाकलं होतं." म्हणजे गडी सगळं जाणून होता! ओ टाकून पाहिला तर खरंच पैसे भरायचं पान उघडलं, 745 अधिक जीएसटी. मोह झाला, नाही असं नाही. पण विम्याच्या पॉलिसीत शून्य आणि आरसीत ओ. उद्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने बोट ठेवलं तर? दुरुस्तीचे एजंटाने चार हजार सांगितले. नऊशेची प्लेट आणि तिच्यासाठी चार हजारांचं शून्य! म्हटलं, स्वतःच जातो.

अर्ज, मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि चेसिसची पेन्सिलछाप लागते. पातळ कागद लावून पेन्सिल आडवी, हलक्या हाताने फिरवायची. गंज असेल तर कापडाने पुसा, पण पॉलिश पेपर अजिबात मारू नका. नंबर घासलेला दिसला की खाडाखोडीचा संशय येतो.

आरटीओत दिवसभर टोलवाटोलवी होणार अशी तयारी ठेवली होती. खिडकीवर झालीही. पण निरीक्षक भर उन्हात गाडीपाशी आले, मोबाइलची बॅटरी लावून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि जुनं रजिस्टर मागवलं. त्यात शून्य स्वच्छ होतं. घोळ कॉम्प्युटरवर चढवताना झालेला. माणूस कामाचा निघाला, मत बदललं.

दुरुस्ती मंजूर झाल्यावरही एचएसआरपीचं पोर्टल काही दिवस जुनाच हट्ट धरून होतं. आता प्लेट लागली आहे. नवीन कार्ड अजून पोस्टात कुठेतरी फिरतंय. चूक त्यांची, स्मार्टकार्डाचे 200 रुपये मात्र माझे.