सायन्स किट की मिसळणाचा डबा?

वाढदिवसाला सायन्स किट द्यावं का, असं गेल्या महिन्यात दोघा-तिघांनी विचारलं. आमच्याकडे किट आणि स्वयंपाकघरातले प्रयोग, दोन्ही करून झालंय. मुलगी नऊ वर्षांची, आणि सुट्टीत सात वर्षांचा भाचा मुक्कामाला. म्हणजे पुढचं सगळं मत दोन पोरं आणि एक ओटा एवढ्यावरच उभं आहे, हे लक्षात ठेवूनच वाचा.

किटचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच आहे. खोका उघडतानाची मजा वेगळीच. परीक्षानळ्या, ड्रॉपर, तो मोठा गॉगल! पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे केलं तर प्रयोग सहसा फसत नाही, आणि संध्याकाळी दमून घरी आलेल्या माणसाला ही सोय कमी नाही. बॅटरी, छोटा दिवा, मोटर, लोहचुंबक, भिंग असलेलं किट मी आजही घेईन. या वस्तू स्वयंपाकघरात मिळत नाहीत. शिवाय बॅटरी सोडली तर त्या संपत नाहीत.

माझं बिनसलं ते संपण्यावरूनच. रसायनांचं किट आणलं होतं, आठशेच्या आसपास. त्यात पुड्या होत्या: ‘पावडर अ’ आणि ‘पावडर ब’. दोन्ही एकत्र करा, पाणी ओता, फेस येईल. फेस आला. पोरांनी टाळ्या पिटल्या आणि लगेच ओरडली, “परत!” परत करायला काही नव्हतंच. भाच्याची पाळी राहिली म्हणून त्याने भोकाड पसरलं. मुलीने विचारलं, “बाबा, अ जास्त टाकला असता तर?” याचं उत्तर करून बघण्यातच होतं, आणि करून बघायला पुडी नव्हती.

रात्री पुस्तिका चाळली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडलं: अ म्हणजे खायचा सोडा, ब म्हणजे सायट्रिक आम्ल. म्हणजे आपलं लिंबूफूल! दोन्ही आमच्या फळीवर होते, ढोकळ्यासाठी आणलेले. पैसे गेल्याचं फार वाटलं नाही. पोरांना मात्र ती जादूची पावडर वाटली होती आणि ओळखीचं नावच पुडीवरून काढून टाकलं होतं, हे खटकलं. दुसऱ्या दिवशी सोड्याची बरणी खाली काढली. अ जास्त, ब जास्त, गरम पाणी, गार पाणी, सगळं करून झालं. गरम पाण्यात फेस धसमुसळा येतो, हा शोध भाच्याचा.

मग हळद आली. चमचाभर हळद पाण्यात कालवून टिपकागदावर फासली, वाळवली, पट्ट्या कापल्या. धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात पट्टी लालभडक. भांड्यांच्या साबणाच्या वडीनेही लाल. शाम्पूने काही नाही. लाल पट्टीवर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. आई बघत होती, म्हणाली, “अरे, हळदीचं कुंकू असंच तर होतं.” किटच्या पुस्तिकेत ही आजी कुठून असणार?

खायच्या सोड्याने मात्र फजिती केली. पट्टी जेमतेम नारिंगी. हळदीतलं रंगद्रव्य, कर्क्युमिन, अल्कधर्मी पाण्यात लाल होतं; त्याचा रंग साधारण ७.४ ते ८.६ पीएचच्या (पीएच म्हणजे आम्ल-अल्क मोजायचं माप, सातच्या वर अल्कधर्मी) दरम्यान पालटतो आणि सोड्याचं पाणी त्याच्या मधेच कुठेतरी, आठ-सव्वाआठला असतं. तेच पाणी मी दहा मिनिटं उकळून गार केलं. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सोड्यातल्या बायकार्बोनेटचं थोडं कार्बोनेट होतं आणि पाणी जास्त अल्कधर्मी बनतं. या वेळी पट्टी नीट लाल झाली. प्रयोग फसला नसता तर हे करून बघायचं आम्हाला सुचलंही नसतं.

आता स्वयंपाकघराची रडगाणी. ओट्यावरचा पिवळा डाग आठवडाभर बोलणी खायला लावतो. माप नसतं, त्यामुळे काल जे झालं ते आज होईलच असं नाही. व्हिनेगरमध्ये अंडं ठेवून कवच विरघळवायचं, तर दीड-दोन दिवस लागतात आणि आमच्याकडे सोमवारी अंडं घरात चालत नाही. खडीसाखरेचे स्फटिक करायला गेलो तर तिसऱ्या दिवशी मुंग्या. (तुरटी घ्या. गरम पाण्यात विरघळेल तेवढी विरघळवायची, दोरा सोडायचा, भांडं हलवायचं नाही. मुंग्या फिरकत नाहीत.) आणि मोठ्या माणसाला शेजारी उभं राहावंच लागतं. उकळतं पाणी तर आहेच, पण पानाचा चुना पोरांच्या हाती अजिबात नको; डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. वेळच नसेल, तर किटकडे वळलात म्हणून मी नावं ठेवणार नाही.

बारा-तेराच्या पुढच्या मुलांचं गणित वेगळं असू शकेल. त्यांना मोजूनमापून केलेलं आवडतं. पण सात ते दहाच्या पोरांना ‘परत!’ म्हणायला मिळालं पाहिजे असं मला वाटतं, आणि त्यासाठी किलोभर सोडा पुडीपेक्षा बरा. पावसाळ्यात कुंपणावर गोकर्ण फुलतो, त्याची निळी फुलं गरम पाण्यात टाकून लिंबू पिळा. निळ्याचं जांभळट गुलाबी होताना बघून मीही अजून दोनदा तरी लिंबू पिळतो.

भेट द्यायचीच असेल तर विजेचं किट द्या. रसायनांचं घेणार असाल तर दुकानातच खोका उलटा करून बघा, पुड्यांवर पदार्थांची नावं आहेत का. आमच्या किटमधल्या परीक्षानळ्या मात्र अजून वापरात आहेत. सध्या एकीत कोकमाचं आगळ आहे, आणि त्यात सोडा किती टाकायचा यावरून आत भांडण चालू आहे.