18,000 रुपयांची नोकरी : महापे येथील एका मनुष्यबळ एजन्सीचा चौदा महिन्यांचा अनुभव

ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम शोधणाऱ्याला आज कंपनीच्या फाटकावर थेट नोकरी क्वचितच मिळते. ती मिळते मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, म्हणजेच ठेकेदारामार्फत. महापे एमआयडीसीतील अशाच एका एजन्सीमार्फत मी जून 2023 ते जुलै 2024 या काळात एका गोदामात डिस्पॅचचे काम केले. माझा तक्रार अर्ज अद्याप प्रलंबित असल्यामुळे एजन्सीचे नाव येथे देत नाही. परंतु या पट्ट्यात नव्याने काम धरणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून अनुभव सविस्तर लिहीत आहे.

चांगले ते आधी सांगतो. नोंदणीसाठी एक रुपयाही घेतला नाही आणि कागदपत्रे दिल्यापासून चौथ्या दिवशी मी कामावर रुजू झालो. ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) नोंदणीही पहिल्याच महिन्यात झाली, त्यामुळे आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वाशीच्या कामगार विमा रुग्णालयात विनाखर्च होऊ शकली. हे मी विसरलेलो नाही.

मुख्य तक्रार पगाराबाबत आहे. जाहिरातीत आणि तोंडी बोलण्यात 'पगार 18,000, शिवाय पीएफ, ईएसआय आणि बोनस' असे सांगितले गेले होते. पहिल्या महिन्यात बँकेत 12,248 रुपये जमा झाले. पगारपत्रक मागितले तेव्हा हिशेब कळला. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 13,500, घरभाडे भत्ता 675, म्हणजे प्रत्यक्ष वेतन 14,175 रुपयेच होते. मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा पीएफ प्रशासकीय शुल्कासह 1,755, ईएसआयचा मालकाचा हिस्सा 461, बोनसचे 1,125 आणि 'गणवेश व ओळखपत्र' या नावाखाली 484 रुपये मिळवून 18,000 चा आकडा पुरा केला होता. 14,175 मधून माझा पीएफ 1,620, ईएसआय 107 आणि व्यवसाय कर 200 वजा होऊन हातात 12,248 उरले. 'शिवाय' म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या सगळ्या 18,000 च्या पोटातच होत्या. कागदावर याला कपात म्हणता येत नाही, पण सांगितलेल्या शब्दांचा अर्थ पूर्णपणे फिरवला गेला, आणि घरभाडे, किराणा, बहिणीच्या क्लासची फी असा सगळा हिशेब 18,000 धरून मांडून बसलेल्या घराला त्याचा फटका बसला.

माझे वडील बेलापूर रोडवरच्या एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या काळी युनियन दर तीन वर्षांनी करार करायची आणि किती वाढ मिळाली हे दुसऱ्या दिवशी सगळ्या कळव्याला माहीत असायचे. माझे पगारपत्रक त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिले आणि विचारले, "अरे, यात तुझ्या कंपनीचं नाव कुठंय?" ते कुठेच नव्हते. मी रोज ज्या गोदामात उभा राहत होतो, त्याचा त्या कागदाशी काहीही संबंध दिसत नव्हता, आणि पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ तेच होते. पगार सात तारखेऐवजी अठरा तारखेला झाला, तेव्हा कंपनीचे साहेब म्हणाले, "तुम्ही आमचे कर्मचारी नाही, ठेकेदाराला विचारा." एजन्सीच्या काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "दादा, कंपनीकडून हजेरीच आली नाही, मी काय करू?" त्या बिचाऱ्यांचाही पगार थकला होता, हे मला नंतर कळले, त्यांच्यावर माझा राग नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये दिवाळीच्या मालामुळे आमची आठ तासांची पाळी अकरा तासांवर गेली. त्या महिन्यात मी 62 तास ओव्हरटाइम केला. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणजे तासाला 68 च्या दुप्पट 136 प्रमाणे 8,432 रुपये होतात. मला 4,216 मिळाले. सुपरवायझरच्या वहीत तास बरोबर लिहिलेले होते. दर मात्र साधा लावला होता. रात्री घणसोलीहून ठाण्याची लोकल पकडून घरी पोहोचायला साडेअकरा वाजत, आणि त्या तासांचे मोल निम्म्याने धरले गेले हे मला आजही सलते.

पीएफबाबत मात्र एक गोष्ट शिकलो, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. माझ्या पगारातून दरमहा 1,620 कापले जात होते, पण मार्च 2024 मध्ये मोबाइलवर पासबुक उघडले तेव्हा आधीच्या तीन महिन्यांची नोंदच नव्हती. एजन्सीने दोन आठवडे टोलवले. मग मी पासबुक आणि पगारपत्रके छापून थेट मूळ कंपनीच्या एचआरकडे नेली, कारण ठेकेदाराने रक्कम भरली नाही तरी जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे जिथे आपण प्रत्यक्ष काम करतो त्या कंपनीवर येते. वेतनाचेही तसेच आहे. वेतनाबाबत ते तेव्हा लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट लिहिलेले होते. त्याच दिवशी पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरही तक्रार नोंदवली. एप्रिल संपायच्या आत तिन्ही महिन्यांची रक्कम खात्यात दिसू लागली. तोवर माझ्यासोबतच्या अकरा जणांपैकी नऊ जणांनी आपले पासबुक कधीच उघडून पाहिलेले नव्हते.

या एजन्सीला मी पाचपैकी एक तारा देतो, तोही ईएसआयसाठी. येथे किंवा अशा कोणत्याही एजन्सीकडे जाणाऱ्याने 'पगार किती' असे न विचारता 'हातात किती आणि ओव्हरटाइमचा दर किती' असे विचारावे, उत्तर लेखी घ्यावे, सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढून ठेवावा आणि पासबुक दर महिन्याला पाहावे.

माझा बोनस अजून मिळालेला नाही. मध्येच काम सोडणाऱ्याला तो मिळत नाही, असे एजन्सीचे म्हणणे आहे. तेव्हा लागू असलेल्या 1965 च्या बोनस कायद्यात मात्र वर्षात 30 दिवस काम केलेला कामगार पात्र ठरत होता. जून 2023 ते मार्च 2024 या दहा महिन्यांचे 11,250 रुपये होतात, आणि दरमहा 18,000 चा आकडा पुरा करताना हेच पैसे माझ्या पगारात धरलेले होते. ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज दिला आहे. त्याची शिक्क्याची पोच आणि चौदाही पगारपत्रके मी एकाच फाइलमध्ये लावून ठेवली आहेत.