सर मार्टिन वुड पारितोषिक: निवड चोख, चौकट अपुरी

पारितोषिकाचा कुणी रिव्ह्यू लिहितं का, असं नवऱ्याने विचारलं. का लिहू नये? अर्जापायी झोप जाते, शिफारसपत्रांसाठी मोठ्या लोकांच्या मागे लागावं लागतं, म्हणजे गिऱ्हाईक आपणच की. आणि आपल्याकडे अशा पारितोषिकांच्या नुसत्या अभिनंदनाच्या बातम्या येतात. धडपड करण्याइतकं त्यात काही आहे का, ते कुणी सांगत नाही.

मी सांगलीची. सध्या जपानात त्सुकुबाला एका प्रयोगशाळेत अतिशीत यंत्रं, म्हणजे द्रवरूप हेलियमने कमालीची थंड ठेवायची यंत्रं, सांभाळते. प्रयोग दुसऱ्याचा, हेलियम माझा. त्यामुळे हे पारितोषिक मला कधी मिळणार नाही हे पक्कं आहे आणि मोकळेपणाने लिहायला तेच बरं.

जपानमधल्या संस्थांत कंडेन्स्ड मॅटरवर (म्हणजे घन आणि द्रव पदार्थांच्या भौतिकशास्त्रावर) काम करणाऱ्या तरुणांना मिलेनियम सायन्स फोरम हे पारितोषिक १९९९ पासून देतं. पाठीशी ऑक्सफर्ड इन्स्ट्रुमेंट्स ही ब्रिटिश कंपनी. मार्टिन वुड ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत इंजिनिअर होते. १९५९ साली त्यांनी आणि पत्नी ऑड्रीने घरच्या बागेतल्या शेडमधून ही कंपनी उभी केली. मिरजेला एमआरआय काढायला गेलात की ज्या नळकांड्यात झोपवतात, त्यात सुपरकंडक्टिंग चुंबक असतो, म्हणजे अतिथंड केल्यावर वीज विनाअडथळा वाहते अशा तारेचा. अख्खा माणूस मावेल असे सुरुवातीचे चुंबक या कंपनीने बनवले. अतिशीत यंत्रं विकणाऱ्यानेच अतिशीत प्रयोग करणाऱ्यांना गौरवायचं, यात धंदा आहेच. मला त्याचं वावडं नाही. चुंबक कुणीतरी विकायलाच हवेत.

हाती काय पडतं? पाच लाख येन. ऐकायला भारी, पण टोकियोत घर बदलायचं म्हटलं तर डिपॉझिट आणि घरमालकाच्या ‘रेइकिन’मध्येच (परत न मिळणाऱ्या नजराण्यात) बराचसा आकडा साफ. खरा माल आहे तो ब्रिटनमधल्या विद्यापीठांत व्याख्यानं द्यायला मिळणारा दौरा. तुमचा पेपर वाचलेला माणूस वेगळा आणि फळ्यासमोर तुमच्याशी तासभर हुज्जत घातलेला माणूस वेगळा. पुढे एकत्र प्रयोग करायचे झाले की आठवण दुसऱ्यालाच येते. इथली तरुण मुलं इंग्रजीत भाषण द्यायला बिचकतात, त्यांच्यासाठी तर हे रोख रकमेपेक्षा मोलाचं.

समारंभ टोकियोतल्या ब्रिटिश वकिलातीत, हानझोमोन स्टेशनपासून चालत जाण्यासारखा. थाट आहे, उगाच डामडौल नाही.

निवडीला मात्र पूर्ण मार्क. पहिल्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्यांनी यासुनोबु नाकामुरांना निवडलं. तेव्हा ते इथेच त्सुकुबात, एनईसी या जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. अ‍ॅल्युमिनियमचा एक इवलासा तुकडा निरपेक्ष शून्याच्या (याहून थंड काही होऊच शकत नाही अशा तापमानाच्या) अगदी जवळ नेऊन, त्यात इलेक्ट्रॉनांची एक जोडी जास्त आहे की नाही या दोन अवस्थांचं मिश्रण त्यांनी नॅनोसेकंदाहूनही छोट्या विद्युत स्पंदांनी हवं तसं फिरवून दाखवलं. आज गूगल आणि आयबीएम ज्या सुपरकंडक्टिंग क्युबिटवर (क्वांटम संगणकाच्या मूळ घटकावर) पैसा ओततात, त्याचं मूळ इथे. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातला तो पेपर एप्रिल १९९९ चा, पारितोषिक त्याच वर्षीचं. इतक्या लवकर माणूस हेरायचा म्हणजे नजर हवी.

आता माझी तक्रार. त्या पेपरवर नावं तीन: नाकामुरा, युरी पाश्किन आणि जॉ-शेन त्साय. हे तरी तिघंच. आमच्या क्षेत्रातलं कुठलंही भाषण ऐका, शेवटच्या स्लाइडवर आभाराची पंधरा-वीस नावं मुंगीएवढ्या अक्षरांत येतात आणि ‘काही प्रश्न?’ म्हणेपर्यंत जातात. आमच्याच गावात एनआयएमएस या संस्थेत ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे आहेत. हवेच्या दाबाच्या हजारो पट दाबाखाली ते बोरॉन नायट्राइडचे निर्मळ स्फटिक बनवतात आणि ग्राफीनवर (कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थरावर) काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवतात. त्या स्फटिकांच्या थरांत दाबलं नाही तर ग्राफीन आपला खरा गुण दाखवत नाही. दोघांची नावं हजाराहून जास्त पेपरांवर सहलेखक म्हणून आहेत. ‘तरुण संशोधक, एक कल्पना, एक नाव’ या साच्यात स्फटिक वाढवणारे बसत नाहीत. हेलियम भरणारी तर नाहीच नाही.

हेलियमवरून आठवलं. जपान सगळं हेलियम बाहेरून आणतं आणि टंचाई झाली की आधी चिमटा बसतो विद्यापीठांना. द्रवरूप हेलियम ४.२ केल्विनचं, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास. भरताना नळीचा सांधा जरा सैल राहिला तरी त्यावर पांढरं बर्फ चढतं, सूं सूं आवाज येतो आणि विकत घेतलेला माल छताकडे उडून जातो. तेव्हा माझी सूचना अशी: रोख रकमेच्या जोडीला विजेत्याच्या प्रयोगशाळेला वर्षभराचं हेलियम द्या. गटातल्या सगळ्यांच्या पदरात काहीतरी पडेल. आणि वकिलातीत भाषण झाल्यावर, नमुना बनवणाऱ्याला पाच मिनिटं माइक द्या. फार खर्च नाही.

अर्ज करायचा असेल तर संस्था जपानमधली हवी, पुण्यातल्या किंवा मुंबईत कुलाब्यातल्या संशोधन संस्थेत बसून चालणार नाही. युरोपसाठी याच कंपनीने निकोलस कुर्टींच्या नावाने पारितोषिक काढलं (हे कुर्टी म्हणजे १९६९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वयंपाकातल्या भौतिकशास्त्रावर भाषण ठोकणारे गृहस्थ) आणि अमेरिकेसाठी ली, ऑशरॉफ व रिचर्डसन या त्रयीच्या नावाने. हेलियम-३ च्या अतिप्रवाहितेचं (घर्षणाशिवाय वाहण्याच्या गुणाचं) १९९६ चं नोबेल त्या तिघांना मिळून मिळालं होतं, ही गोष्ट निवड समितीने जरूर ध्यानात घ्यावी.

पाचपैकी साडेतीन. अर्धा दौऱ्यासाठी, बाकी सगळे नाकामुरांसाठी.